बारा संगिनी

पहिली संगीन बसली नाही.

मी ती काढून खाचेत फुंकर मारली आणि पुन्हा सरकवली. पुढची कडी कार्बाइन या आखूड बंदुकीच्या नळीच्या तोंडावरून सहज मागे आली, पण मुठीतली खाच नळीखालच्या पोलादी ठोकळ्यावर अर्ध्या वाटेत अडकली. शेवटी खटका पडून जो 'खट्' आवाज यायला हवा, तो आला नाही.

"जोर नका लावू, मॅडम," परसराम बावणे म्हणाले. "ते त्या घरची नाई."

"त्या घरची नाही म्हणजे?"

"तुमी पाचवीची संगीन पहिलीले लावून रायल्या. नंबर पाहा न."

मी मुठीवरचा ठोका पाहिला. पाच. चूक माझीच होती. सकाळी मी बाराही संगिनींची वजनं घेतली होती, आणि काट्यावरून उतरवताना त्या टेबलावर वजनाच्या चढत्या क्रमाने मांडल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. प्रयोगशाळेत सहा वर्षं काढलेल्या माणसाचा हात आपोआप तसा चालतो. हलकी आधी, जड नंतर. नंबराकडे माझं लक्षच नव्हतं.

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. विदर्भातल्या एका शस्त्र कारखान्यात, तपासणी विभागात मी अकरा महिन्यांपूर्वी लागले होते. पदार्थविज्ञानाची एम.एस्सी., वय सव्वीस, गाव रत्नागिरीकडचं. जूनमध्ये माझी नोकरी कायम व्हायची होती. बावणे कारखान्यातले सगळ्यात जुने फिटर, चाळीस वर्षांची नोकरी झालेले. एप्रिलच्या तीस तारखेला ते निवृत्त होणार होते. पण त्यांना घरी बसायचं नव्हतं. शिकाऊ मुलांच्या शाळेत इन्स्ट्रक्टरची जागा रिकामी होती आणि आमचे सहायक व्यवस्थापक रणदिवे साहेब त्यांना म्हणाले होते, "नवी कार्बाइन चाचणीत पास होऊ द्या, बावणे. शाळेची खुर्ची तुमचीच." बावणे हे दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगत.

चाचणी दुसऱ्या दिवशी, शनिवारी होती. लष्कराची तुकडी आणायला रणदिवे साहेब नागपूरला गेले होते. माझं काम शुक्रवारी पाच वाजेपर्यंत बारा कार्बाइन आणि बारा संगिनी तपासून तक्त्यावर सही करण्याचं, आणि पेट्यांना सील लावण्याचं.

मी संगिनी नंबरवार लावून घेतल्या. पहिली पहिलीवर. खट्. दुसरी दुसरीवर. खट्. बाराही बसल्या, आणि अशा बसल्या की कार्बाइन कानाशी धरून हलवली तरी काही वाजेना. मी पातळ पट्ट्यांचं गेज घेऊन फट मोजली. मर्यादा होती एक मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. इथे जेमतेम पन्नासावा हिस्सा निघत होता.

"गेल्या सालची चाचणी आठवते का?" बावणे म्हणाले. "तुमी नव्हत्या. परत पाठोली होती. शेरा काय, तं संगीन खुळखुळते. साहेब मले म्हणे, बावणे, आवाज आला नाई पायजे. एकोणीस दिवस बसलो मी. एकेकीले तिच्या लगावर घासून घासून बसवली."

नळीखालच्या त्या ठोकळ्याला कारखान्यात सगळे 'लग' म्हणत. आणि लगावर संगीन बसवण्याला फिटर लोक 'लगीन लावणं' म्हणत. पलीकडच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "बारा लगनं लावली मास्तरनं, अन् जेवण एकाचंही नाई!"

"तुह्या तेरवीले जेवजो," बावणे मान वर न करता म्हणाले. सगळा बाक हसला. पात्यांवर त्यांनी मांजरपाटाचं फडकं टाकून ठेवलं होतं. काम मुठीचं आणि खाचेचं, पातं उघडं कशाला ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. त्या काळ्या, वीतभर लांब पात्यांकडे ते क्वचितच पाहत. मीही पाहत नसे. मी लांबी, वजन आणि कठीणपणा पाहत असे.

मी पेन काढलं. तक्त्यात अकरा रकाने होते. अकराही भरले. सहीच्या जागी पेन टेकवलं आणि थांबले.

मला ती न बसलेली संगीन टोचत होती. मी कपाटातून नकाशांची फाइल काढली आणि जोडणीच्या नकाशावरच्या बारीक अक्षरातल्या सूचना वाचायला लागले. चौदावी सूचना एका ओळीची होती. कोणतीही संगीन कोणत्याही कार्बाइनवर बसली पाहिजे. तक्ता ज्याने बनवला होता, त्याने या ओळीसाठी रकाना ठेवला नव्हता.

"बावणे, तिसरीची संगीन आठवीवर लावून दाखवा."

"नाई बसणार."

"दाखवा तर."

त्यांनी लावली. बसली नाही. मी आणखी पाच-सहा अदलाबदली केल्या. काही बसल्या, बऱ्याच अडकल्या. नळीखालचे लग भट्टीतून आल्यावर थोडे जाड, थोडे पातळ निघाले होते, आणि बावण्यांनी प्रत्येक खाच आपापल्या लगाच्या मापाने घासली होती. जे पातळ लगाशी जुळलं, ते जाडावर चढत नव्हतं.

"हे पास करता येणार नाही," मी म्हणाले.

त्यांना आधी कळलंच नाही. "काऊन? वाजते का एक तरी?"

"वाजत नाही. पण दुसरीवर बसतही नाही."

"दुसरीवर कायले बसवाची? नंबर ठोकले हाय न बाप्पा दोघीवर! ज्याची त्याले देवाची."

मला समजावून सांगता येत नव्हतं. वर्गात मी मापनातल्या त्रुटी शिकवू शकले असते. इथे या माणसाने चाळीस वर्षांत केलेलं सगळ्यात चांगलं काम समोर ठेवलं होतं, आणि ते चांगलं होतं म्हणूनच चालणार नव्हतं.

"बावणे," मी म्हणाले, "दोन जवान शेजारी शेजारी आहेत. एकाची संगीन मोडली, किंवा पडली. दुसरा खाली कोसळला. पहिल्याने त्याची संगीन उचलली आणि आपल्या कार्बाइनला लावली. नंबर वाचायला वेळ नाही."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी फडकं बाजूला केलं. बारा पाती ओळीने पडली होती. त्यांनी त्यांतलं एक हातात घेतलं आणि बराच वेळ पाहिलं, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं.

"मंग ते त्याच्या काय कामाची," ते हळूच म्हणाले.

मी तक्ता पुन्हा पुढे ओढला.

"तुमी काय लिवसान?"

"नापास."

"अन् चाचणी?"

"होणार नाही. पुढे ढकलली जाईल."

पुढे म्हणजे किती, हे दोघांनाही माहीत होतं. लष्कराची तारीख मिळायला सहा महिने लागत. तोपर्यंत तीस एप्रिल केव्हाच उलटून गेली असती. बावण्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा.

"किती वाजेपावेतो हाय तुमचा वेळ?"

"पाच."

"पाचपावेतो काही लिवू नका." ते संगिनी उचलायला लागले. "सातवीचा लग सगळ्यात जाड हाय. मले माईत हाय, तिनंच लय रडवलं. बाकीच्या अकरा खाचा सातवीच्या लगावर बसतीन एवढ्या मोठ्या करतो. सातवीवर बसली का सगळीवर बसली."

हिशेब बरोबर होता. पुढचं मी मनातल्या मनात मोजलं. "पण मग पातळ लगांवर त्या सैल होतील."

"होतीन न."

"वाजतील."

"मर्यादेत रायते का नाई, ते सांगा."

मी लगांची मापं काढली आणि कागदावर वजाबाक्या केल्या. मर्यादेत राहत होतं. अगदी काठावर, पण आत. तीन कार्बाइनचे लग सगळ्यांत पातळ होते, त्यांच्यावर आवाज येणार होता.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. व्यवस्थापकांनी पाहून तपासणीला पाठवलेल्या शस्त्राला लेखी हुकमाशिवाय कानस लावायची नाही, हा कारखान्याचा कडक नियम होता. रणदिवे साहेबांनी गुरुवारी बाराही कार्बाइन स्वतः हलवून पाहिल्या होत्या आणि बावण्यांच्या पाठीवर थाप मारली होती. आता हुकूम द्यायला साहेब नव्हते. त्यांच्या माघारी त्या टेबलावर अधिकार होता तो तपासणीचा, म्हणजे माझा. बावणे हातात कानस घेऊन उभे होते आणि माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"करा," मी म्हणाले.

ते बसले. आधी खाचेत निळा रंग लावायचा, संगीन सातवीवर अडकेपर्यंत सरकवायची, काढायची, रंग कुठे पुसला गेला ते पाहायचं आणि तेवढंच घासायचं. मुठीचं पोलाद कडक होतं. कानस चालेना तिथे तेलदगड. मी आजवर माणसाला काम नेटकं करताना पाहिलं होतं, ते बिघडवताना नाही. प्रत्येक वेळी खटका पडला की ते संगीन तिच्या मूळ कार्बाइनवर लावून कानाशी हलवत. आधी जिथे काहीच ऐकू येत नव्हतं, तिथे आता बारीक किणकिण यायची. ते मान हलवून पुढची उचलत. जेवायला उठले नाहीत. डब्यातली भाकर त्यांनी बाकावरच खाल्ली, एका हाताने. दुपारी पलीकडच्या बाकावरचा थट्टा करणारा फिटर उठून आला, दोन मिनिटं उभा राहिला आणि काही न विचारता परत गेला.

तीन वाजता सगळ्या झाल्या. घासलेल्या जागी त्यांनी काळा थर पुन्हा चढवला. मी एका कोऱ्या कागदावर बारा उभे, बारा आडवे असे एकशे चव्वेचाळीस चौकोन आखले आणि प्रत्येक संगीन प्रत्येक कार्बाइनवर लावली. पावणेपाचला शेवटची खूण केली तेव्हा माझ्या अंगठ्याला फोड आला होता. सगळ्या बसल्या होत्या. सगळ्यात जास्त ढिलाई एक मिलिमीटरच्या शंभरातले अठरा भाग. मर्यादा वीस.

मी सही केली. अदलाबदलीसाठी रकाना नव्हता, म्हणून तो कागद तक्त्याला जोडता येत नव्हता. मी घडी घालून वहीत ठेवला.

"साहेबाले सकाळी सांगून टाकू," बावणे हात पुसत म्हणाले. "आधीच."

"हो, मी सांगते," मी म्हणाले.

सकाळी साडेसातला मैदानावर पोचले तर चाचणी सुरू झाली होती. उन्हाच्या आधी उरकावं म्हणून तुकडी सहालाच आली होती. रणदिवे साहेब लष्करी अधिकाऱ्यांच्या घोळक्यात होते. मी दोनदा जवळ गेले. एकदा ते बोलत होते, एकदा हसत होते. मी मागे आले.

सुभेदार खाडे साताऱ्याकडचे, आडव्या अंगाचे गृहस्थ होते. त्यांचे सहा जवान गवताच्या पुतळ्यांवर धावत जात, संगीन खुपसत, काढत, परत येत. एकही संगीन निसटली नाही की वाकली नाही. खाडेंनी स्वतः एकेक कार्बाइन घेऊन कानाशी हलवायला सुरुवात केली. पहिल्या चार झाल्या. पाचवीशी ते थांबले.

"साहेब, हे खुळखुळतंय की ओ."

रणदिवे साहेब पुढे झाले. त्यांनी ती हलवली. मग नववी. मग अकरावी. तिन्ही वाजल्या.

"सुभेदार साहेब, अगदी किंचित आहे."

"किंचित कळतंय मला. पण पोरगं काळोखात झुडपाआड बसलंय, नि कूस बदलताना हे वाजलं, तर त्याला कोण सांगणार, किंचित आहे म्हणून?" त्यांनी वहीत लिहिलं. त्यांच्या म्हणण्यात खोट नव्हती. ते मला तेव्हाही दिसत होतं.

शेरा गेल्या वर्षीचाच पडला. संगीन ढिली, सुधारून पुन्हा सादर करावी.

अधिकारी चहाला वळले. मी आणि बावणे पत्र्याच्या शेडखाली उभे होतो. समोर जवान संगिनी पुसत होते. पुसून झाल्यावर त्या एका ताडपत्रीवर ढिगाने पडल्या, आणि पेट्यांत भरायच्या आधी मोजणीसाठी त्यांनी त्या पुन्हा कार्बाइनवर चढवल्या. नंबर कुणी वाचले नाहीत. जी हाताला लागली ती उचलली, जी कार्बाइन समोर आली तिला लावली. खट्. खट्. खट्. बोलत, हसत, इकडे तिकडे बघत. बाराही बसल्या. कुणाच्या काही लक्षात आलं नाही, कारण लक्षात येण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

बावण्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उमटलं. समाधान म्हणता येईल असं.

तेवढ्यात रणदिवे साहेब शेडखाली आले.

"बावणे, गुरुवारी मी स्वतः बाराच्या बारा हलवल्या. एक वाजत नव्हती. शुक्रवारी काय केलंत?"

मी वही छातीशी धरून उभी होते. कागद आत होता.

"मीच पुन्हा कानस लावली, साहेब," बावणे म्हणाले.

"कुणाच्या हुकमाने?"

बावण्यांनी उत्तर द्यायला थोडा वेळ घेतला. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. मी बोलावं म्हणून ते थांबले होते की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. पण वेळ होता. एक वाक्य बोलण्याइतका नक्कीच होता.

"कुनाच्याच नाई. मन भरत नव्हतं, साहेब. अजून बारीक कराले गेलो अन् हात हुकला. वय झालं."

"हात हुकला? तुमचा?" साहेबांच्या आवाजात रागापेक्षा आश्चर्य जास्त होतं. मग ते माझ्याकडे वळले. "मिस खोत, तुम्ही मोजलंत तेव्हा ढिलाई किती होती?"

"पॉइंट एक आठ, सर."

"मर्यादेत?"

"मर्यादेत, सर."

"तक्ता पूर्ण भरला होता?"

"अकराही रकाने, सर."

"मग तुमचं काम तुम्ही केलंत," ते म्हणाले, आणि बावण्यांना म्हणाले, "असा हात मुलांना काय शिकवणार, बावणे?"



जूनमध्ये माझी नोकरी कायम होणार होती ती झाली. शाळेच्या जागेवर दुसरा माणूस आला. तीस एप्रिलला संध्याकाळी बावण्यांचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, रणदिवे साहेबांचं चार वाक्यांचं भाषण. मी मागच्या रांगेत बसले होते. समारंभ संपल्यावर बाहेर फाटकाशी गर्दी झाली, आणि मी पोचले तेव्हा बावणे हार गळ्यात घेऊन आपल्या लोकांत उभे होते. शेजारी त्यांची बायको होती, किरकोळ बांध्याची, कपाळावर मोठं कुंकू, हातात नारळाची पिशवी.

"ह्या खोत मॅडम," बावणे तिला म्हणाले. "लय बारीक मोजते. केसाच्या धाव्या हिश्शापावेतो."

तिने मला नीट पाहून घेतलं. "तुमी होत्या न त्या दिवशी? संगिनीच्या वक्ती?"

"होते."

"यायनं घरी सांगतलं का हात हुकला. मले काई पटत नाई, बाई. चाळीस वर्सं झाली, कधी नाई हुकला. घरचा पाटासुदिक टाकवला तं रेषभर इकडचा तिकडं नाई होत. आता खानं-पिनं कमी झालं यायचं. म्हणते, मी बुढा झालो." ती जवळ आली. "तुमी तं तिथंच होत्या. खरंच हुकला का वो?"

बावणे म्हणाले, "चाल न, गाडी उभी हाय."

"थांबा जी. इचारू द्या."

फाटकावर रणदिवे साहेब नव्हते. वही नव्हती, तक्ता नव्हता. कामगार आपापल्या सायकली काढत होते.

"नाही," मी म्हणाले. "नाही हुकला. मीच त्यांना करा म्हणाले होते. आणि त्यांनी केलं ते बरोबर होतं."

तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती आणि ते हाराची निसटलेली फुलं गोळा करत होते. मग तिने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. तिला खरोखरच कळून घ्यायचं होतं.

"मंग तिथं काऊन नाई सांगतलं?"